सॅटरडे सेनाइट म्हणजे नक्की कधी? (मिसळीची पैज लागलीय)

रविवारचं_वाचन

लोकहो, एक भांडण सोडवून द्या. आमच्या सोसायटीत आम्ही पाच जणी दर रविवारी दुपारी एकीच्या घरी जमून एखादं जुनं इंग्रजी पुस्तक मोठ्याने वाचतो, एक पान वाचायचं आणि अर्धा तास त्यावर गप्पा मारायच्या असा वेग आहे त्यामुळे पुस्तक वर्षभर पुरतं. सध्या जेन ऑस्टिनचं प्राइड अँड प्रेज्युडिस चालू आहे, १८१३ सालचं. त्यात ते कॉलिन्स नावाचं पाद्री ध्यान आहे ना, बेनेटांच्या घरी पत्र पाठवतं की मी सोमवारी १८ नोव्हेंबरला चार वाजेपर्यंत तुमच्याकडे पोचतो आणि तिथून पुढच्या 'सॅटरडे सेनाइट'पर्यंत तुमच्या पाहुणचाराला त्रास देईन. छापलंय पण विचित्र, एस ई, मग अ‍ॅपॉस्ट्रॉफी आणि पुढे नाइटला चिकटवलेली जादा अक्षरं.

आमच्या शेजारच्या काकू म्हणतात त्यात काय एवढं, सॅटरडे नाइटच आहे, जुन्या काळी असं लिहीत असतील, म्हणजे माणूस सोमवारी आला आणि शनिवारी रात्री गेला, पाच दिवस. मला ते पटेना कारण पुढे तो बराच वेळ घरात घुटमळताना दिसतो. डिक्शनरीत बघितलं तर 'आर्केइक' असा शिक्का आणि अर्थ एकच शब्दात, वीक. आता 'शनिवार आठवडा' म्हणजे काय समजायचं माणसाने? काकूंनी मिसळीची पैज लावलीय, हरेल तिने सगळ्यांना खिलवायची.

आणि एक उपप्रश्न. खाली बारीक अक्षरात लिहिलंय की हा शब्द 'सात रात्री' यावरून आला. हे वाचल्यावर डोक्यात किडा वळवळला की इंग्रज सात मोजतो तर आपण त्याच काळाला आठवडा का म्हणतो, त्यात तर आठ आहेत. आजवर कधी लक्षातच आलं नव्हतं.

गल्लीक्रिकेट

ताई उत्तर माहीत नाही पण आमच्या चिरंजीवांचा किस्सा ऐका. सातवीत आहे, शाळेत इंग्रजीच्या बाईंनी फोर्टनाइटचा अर्थ विचारला तर याने हात वर करून सांगितलं, शंभर जण बेटावर उतरतात आणि शेवटी एक उरतो. बाई पण हसल्या म्हणे. त्या नावाचा व्हिडिओ गेम आहे ना, त्यामुळे त्याला अजून वाटतंय की तो शब्द गेमवाल्यांनीच काढला आणि नंतर डिक्शनरीत गेला.

तुमचा सेनाइट हा फोर्टनाइटचा धाकटा भाऊ दिसतोय. बाकी जाणकार सांगतीलच, मी बसतो पॉपकॉर्न घेऊन.

रद्दीतलं_सोनं

गल्लीक्रिकेट, भाऊ बरोबर ओळखलात, सख्खे भाऊ आहेत.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे साधारण हजार वर्षांपूर्वीच्या, 'सेओफॉन निख्त' म्हणजे सात रात्री आणि 'फेओवरतीने निख्त' म्हणजे चौदा रात्री. बोलून बोलून झिजत गेले, पहिल्याचा सेनाइट (काही जण सेनिट असंही म्हणायचे) आणि दुसऱ्याचा फोर्टनाइट. आता कुणी विचारेल की अनेक रात्री आहेत तर शेवटी नाइट्स का नाही. तर त्या काळी रात्रीचं अनेकवचनही निख्तच होतं, शेवटी एस लावायची पद्धत या शब्दाला नंतर लागली आणि तोपर्यंत हे दोघे घट्ट जुळून एकेक शब्द झाले होते, त्यामुळे सुटले. आपल्याकडे एक घर, दोन घरं होतं पण एक दगड, दोन दगडच राहतं, तसंच समजा.

रात्री का मोजायचे याला फार जुना साक्षीदार आहे. टॅसिटस नावाच्या रोमन इतिहासकाराने इसवी सन ९८ च्या सुमारास जर्मन टोळ्यांवर एक छोटं पुस्तक लिहिलं, त्यात तो म्हणतो की हे लोक आमच्यासारखे दिवस नाही, रात्री मोजतात, ठरवाठरवी रात्रींवर करतात, आणि सभा भरवायच्या तर अमावस्येला किंवा पौर्णिमेला भरवतात. इंग्रजी ही त्यांच्याच पोरांची भाषा. त्याच्याही आधी ज्युलियस सीझरने गॉल लोकांबद्दल, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या केल्टिक लोकांबद्दल, हेच लिहून ठेवलंय, की त्यांचे वाढदिवस आणि महिन्याच्या सुरुवाती अशा मोजतात की आधी रात्र आणि मग तिच्यामागून दिवस.

शेक्सपिअरच्या मॅकबेथ नाटकातही सेनाइट आहे, पहिल्याच अंकात. एक चेटकीण एका खलाशावर खुन्नस काढते आणि म्हणते की नऊ गुणिले नऊ सेनाइट तो झुरत झुरत वाळून जाईल. म्हणजे ८१ आठवडे, दीड वर्षाच्या वर. कारण काय, तर खलाशाच्या बायकोकडे हिने चेस्टनट मागितले आणि तिने दिले नाहीत. शेंगदाण्यावरून एवढं!

आता हा शब्द मेला कशाने? माझ्या मते सरळ आहे, इंग्रजीत त्याच कामाला 'वीक' आधीपासून होता, तोही तितकाच जुना. एका कामावर दोन माणसं, एक घरी गेला. फोर्टनाइटला मात्र जोडीदार नव्हता, 'दोन आठवडे' हे दोन शब्द बोलावे लागतात, म्हणून तो टिकला. सेनाइट एकोणिसाव्या शतकात हळूहळू गळाला.

आणि तुमची पैज. सॅटरडे सेनाइट म्हणजे त्या शनिवारपासून पुढे सात रात्री, थोडक्यात त्याच्या पुढचा शनिवार. काकूंना सांगा तर्री जास्त घाला.

कार्डिफची_सून

अगं हे तर मी रोज ऐकते! वेल्समध्ये राहते, आमच्या डॉक्टरांच्या रिसेप्शनवरची बाई फोनवर सांगते 'ट्यूसडे वीक', पहिल्यांदा मी येत्या मंगळवारी जाऊन बसले, नावच नाही यादीत. मग कळलं ट्यूसडे वीक म्हणजे मंगळवार अधिक एक आठवडा. सेनाइट गेला पण त्याची जागा तशीच्या तशी वीकने घेतली, वाक्याचा साचा तोच. कॉलिन्स आज असता तर 'सॅटरडे वीक' म्हणाला असता.

पण मी लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणाने. तुझा तो आठवड्याचा किडा. आमच्याकडे कौन्सिलची सगळी पत्रकं दोन भाषांत येतात, एका बाजूला इंग्रजी, उलटं केलं की वेल्श. कचऱ्याच्या गाडीचं पत्रक फ्रिजवर लावलेलं असतं, काळ्या डब्याची गाडी दर पंधरा दिवसांनी. इंग्रजीत फोर्टनाइटली आणि वेल्शमध्ये 'बॉब पथेव्नोस'. मुलगी शाळेत वेल्श शिकते, तिने सांगितलं आई 'नोस' म्हणजे रात्र आणि पहिल्या तुकड्यात पंधरा आहे. पंधरा रात्री! मी म्हटलं मग आठवड्याला काय म्हणतात, तर 'उइथ्नोस', 'उइथ' म्हणजे आठ. आठ रात्री!!

मी स्वयंपाकघरात ओरडलेच, अगं हे तर आठवडा आणि पंधरवडा! नवऱ्याला वाटलं दूध उतू गेलं.

म्हणजे इंग्रज शेजारी सात आणि चौदा मोजतोय, आणि वेल्शवाले थेट आपल्यासारखे आठ आणि पंधरा. हे कसं काय?

आकडेमोड

हे कोडं नाहीच, फक्त कुठून मोजायला सुरुवात केली त्याचा प्रश्न आहे. टूरवाल्यांची जाहिरात बघा, '७ रात्री ८ दिवस केरळ'. शनिवारी निघालात, पुढच्या शनिवारी परत. दोन्ही शनिवार धरले की आठ दिवस, मधल्या रात्री सात. इंग्रज रात्री मोजतो म्हणून सात म्हणाला, आपण दिवस मोजतो आणि दोन्ही टोकं धरतो म्हणून आठ. पंधरा दिवसांत चौदा रात्री, तेच गणित. कुंपणाला आठ खांब ठोकले की मधे गाळे सात. विषय संपला.

आपण 'आठा दिवसांनी ये' म्हणतो तेव्हा गुरुवारचा माणूस गुरुवारीच येतो, शुक्रवारी नाही. आठवडी बाजार पण आठाचा नाही साताचा असतो. हे सगळ्यांना माहीत असतं, कोणी मोजत बसत नाही.

कार्डिफची_सून

आकडेमोड दादा, टूरचं उदाहरण झकास आहे पण वेल्शवाले *रात्री* मोजून आठ म्हणतात. शनिवार ते शनिवार रात्री आठ कशा? तुमच्या हिशोबात सातच येतात.

आकडेमोड

हं. हे खरंय. म्हणजे तिथे शनिवारची रात्र ते शनिवारची रात्र, दोन्ही टोकाच्या रात्री धरल्या. रात्रीही मोजतात आणि टोकंही धरतात. ठीक आहे, 'विषय संपला' मागे घेतो.

रद्दीतलं_सोनं

मागे घेऊ नका, निम्मं बरोबरच आहे. दोन सवयी वेगवेगळ्या आहेत, एक म्हणजे दिवस मोजायचे की रात्री, दुसरी म्हणजे सुरुवातीचं टोक धरायचं की सोडायचं. कुठल्या भाषेने कुठली जोडी घेतली त्यावर आकडा ठरतो. फ्रेंच लोक आठवड्याला सर्रास 'वी जूर' म्हणतात, आठ दिवस, आणि पंधरवड्याला 'कँझ जूर', पंधरा दिवस. हुबेहूब मराठी. स्पॅनिशमध्येही पंधरवडा पंधराचाच.

पण जर्मनांची गंमत बघा, एवढी शिस्तीची माणसं, आणि आठवड्याला 'आख्ट टागे' म्हणजे आठ दिवस म्हणतात आणि दोन आठवड्यांना 'फिर्त्सेन टागे' म्हणजे चौदा दिवस. आठ दुणे चौदा. एकदा टोक धरलं आणि एकदा सोडलं, आणि त्यांची रेल्वे यावर चालते.

टोक धरून मोजायची सवय रोमनांची पण होती. त्यांचा बाजार आठ दिवसांनी भरायचा पण त्याच्या नावात नऊ आहे. येशू शुक्रवारी गेला आणि रविवारी उठला, तरी 'तिसऱ्या दिवशी' म्हणतात, ते पण हेच. आपल्याकडे बारावा तेरावा मोजताना गेला तो दिवस पहिला धरतात की नाही, तसंच.

वेदशाळा_ड्रॉपआउट

सगळे टॅसिटस आणि वेल्स करत फिरताय, घरच्या देवघरात बघा की. *नवरात्र*. नऊ दिवस घट बसतात, नऊ दिवसांचे नऊ रंग, पण नाव? नऊ रात्री. आपले पूर्वजसुद्धा रात्रीच मोजायचे. संस्कृतात त्रिरात्र, पंचरात्र, दशरात्र असे ढीगभर शब्द आहेत, तीन दिवसांचं सुतक म्हणजे त्रिरात्र, दहा दिवसांचा यज्ञविधी म्हणजे दशरात्र. आणि रात्र ही 'ती' असली तरी आधी आकडा आला की 'ते' होतं, असा व्याकरणात नियमच आहे, म्हणून आपण अजूनही ते नवरात्र *बसलं* आणि *उठलं* म्हणतो, बसली म्हणत नाही. आजीला व्याकरण येत नव्हतं पण हे कधी चुकलं नाही.

आता गंमत. इंग्रजी नाइट, जर्मन नाख्त, वेल्श नोस आणि संस्कृत नक्त हे एकाच आजीची नातवंडं. नक्त शब्द मराठीत फार उरला नाही पण व्रतवैकल्यांच्या पोथीत आहे, नक्तव्रत म्हणजे दिवसभर उपास आणि रात्री एकदा जेवायचं. इंग्रजी सेव्हन आणि आपलं सप्त एकच, फोर आणि चतुर एकच. म्हणजे तुमचा सेनाइट तुकड्या तुकड्याने संस्कृतात नेला तर सप्तनक्त होतो. कॉलिन्स शनिवार-सप्तनक्तापर्यंत राहणार होता असं सांगा काकूंना, घाबरून मिसळ देतील.

अजून एक. जुन्या इंग्रजीत 'फ्रीयेनिख्त' असा शब्द होता, अक्षरशः शुक्र-रात्र, पण अर्थ काय, तर गुरुवारची रात्र. कारण रात्र आधी आणि दिवस मागून. आता आपल्याकडे बाजारात कुणाही मुसलमान दुकानदाराला विचारा गुरुवारला काय म्हणता, तो म्हणेल *जुमेरात*. जुम्म्याची रात. म्हणजे शुक्रवारची रात्र, आणि वार मात्र गुरुवार. इस्लामी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, ज्यूंचाही तसाच. ख्रिसमस ईव्ह आदल्या संध्याकाळी असते तिच्यातही तेच डोकं आहे. मी हा फ्रीयेनिख्त वाचला तेव्हा पाच मिनिटं नुसता बसून होतो.

गल्लीक्रिकेट

जुमेरातचं हे मला चाळीस वर्षात समजलं नव्हतं राव, आमचा लहानपणचा दोस्त दर जुमेरातला दर्ग्यावर जायचा, मी समजायचो गुरुवारला उर्दूत असंच म्हणतात. संपलं.

पेन्शनर_काका

नमस्कार मंडळी. मी बँकेत ३४ वर्षं काढली, त्यातली शेवटची बरीच वर्षं फोर्टनाइट या शब्दाखाली दबून. तुम्ही त्याला जुना शब्द म्हणताय, आमच्याकडे तो कायद्यात लिहिलेला होता.

रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्यात कलम ४२ आहे, बँकांनी ठेवींचा काही हिस्सा रिझर्व्ह बँकेत रोख ठेवायचा, ज्याला सीआरआर म्हणतात. तो हिशोब फोर्टनाइटचा. आणि फोर्टनाइट म्हणजे काय तर शनिवारपासून त्यानंतरच्या दुसऱ्या शुक्रवारपर्यंत, *दोन्ही दिवस धरून*. बघा, टोकं धरायची का हा वाद होऊ नये म्हणून कायद्याने ते शब्द स्वतंत्र घातले होते. चौदा दिवस पुरे. त्या शुक्रवारला आम्ही रिपोर्टिंग फ्रायडे म्हणायचो. त्या दिवशी घरी फोन करून सांगायचं की जेवायला थांबू नका. आमच्या सौ.ने स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर एकाआड एक शुक्रवारी लाल फुली मारलेली असायची, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी. दूधवाला एकदा विचारत होता वहिनी या दिवशी दूध नको का.

आता २०२५ च्या सुधारणा कायद्याने ती व्याख्याच बदलली. फोर्टनाइट म्हणजे महिन्याची १ ते १५ तारीख आणि १६ ते महिनाअखेर. वार गेला, तारीख आली. हिशोबाला सोपं आहे हे मान्य, पण मग फेब्रुवारीत दुसरा फोर्टनाइट १६ ते २८, तेरा दिवसांचा. आणि ३१ च्या महिन्यात सोळा दिवसांचा. चौदा रात्रींचा शब्द आणि चौदा सोडून सगळं त्यात बसतं (लीप वर्षाचा फेब्रुवारी सोडून). टॅसिटसला कळवा कुणीतरी.

वेदशाळा_ड्रॉपआउट

काका, तेरा दिवसांचा पक्ष! हे महाभारतात अपशकुन म्हणून येतं. युद्धाच्या आधी व्यास धृतराष्ट्राला सांगतात की चौदाव्या, पंधराव्या, सोळाव्या दिवशी आलेली अमावस्या मला माहीत आहे, पण तेराव्या दिवशी आलेली माहीत नाही. तिथी सूर्योदयाने ठरते आणि एकेक तिथी १९ ते २६ तासांची असते, त्यामुळे पक्ष बहुतेक वेळा चौदा पंधरा दिवसांचा, कधी सोळा, आणि क्वचित तेरा. म्हणजे तुमच्या नव्या कायद्याने अजाणता जुना चांद्र पक्षच परत आणला, तेरा ते सोळा, तंतोतंत. बँकांनी फेब्रुवारीत जपून राहावं.

पेन्शनर_काका

अहो मार्चअखेर असतोच त्याच्या मागून, कुरुक्षेत्रच ते.

न्यू_जर्सी_लोकल

इकडे उलटी कथा. अमेरिकेत आल्या आल्या पहिल्याच मीटिंगमध्ये मी म्हटलं की आपण रिलीज फोर्टनाइटली करू. सगळे शांत. एकजण म्हणाला, गेमसारखं? मी त्यांना अठराव्या शतकातून आल्यासारखा दिसलो असणार. इथे हा शब्द कुणी बोलतच नाही, वाचून माहीत असतो एवढंच. आपल्याकडे पाक्षिकावर, भाड्याच्या पावतीवर, सरकारी पत्रात सगळीकडे फोर्टनाइटली असतं त्यामुळे मला तो साधा रोजचा शब्द वाटायचा, आर्केइक वगैरे डोक्यातही नव्हतं.

मग म्हणतात काय, तर बायवीकली. आता बायवीकलीचे दोन अर्थ, आठवड्यातून दोनदा आणि दोन आठवड्यातून एकदा. दोन्ही डिक्शनरीत. मी एकदा बायवीकली कॉल ठरवला, निम्मी टीम सोमवारी आणि गुरुवारी दोन्ही वेळा येऊन बसली, निम्मी पुढच्या आठवड्यात आली. पगारातही घोळ, बायवीकली असेल तर वर्षात २६ चेक आणि महिन्यातून दोनदा असेल तर २४, घर भाड्याने घेताना उत्पन्न काढायला बसलो तर एजंटबाई आणि मी दोन वेगळे आकडे घेऊन भांडत होतो. एवढा धडधाकट शब्द टाकून दिला आणि वर हा लंगडा घेतला. फोर्टनाइटमध्ये संदिग्धच काही नाही हो.

बाय द वे, इंग्रजीत 'परवा'लाही शब्द नाही हे कुणाला खटकतं का? डे आफ्टर टुमॉरो म्हणजे रेल्वेचा डबा जोडल्यासारखं वाटतं. पूर्वी 'ओव्हरमॉरो' होता म्हणे.

रद्दीतलं_सोनं

होता, सोळाव्या शतकातल्या बायबलच्या भाषांतरात सापडतो, जर्मनांकडे 'यूबरमॉर्गन' अजून रोज वापरात आहे. पण आपण फार टेंभा मिरवू नये, आपला परवा दोन्हीकडे चालतो. परवा आला होता, परवा येणार आहे. क्रियापद ऐकेपर्यंत माणूस लटकलेला. इंग्रजांचा शब्द लांब आहे पण दिशा तरी कळते.

रात्रींच्या विषयावर एक राहिलं, वेदशाळाबुवांसाठी खास. फ्रान्समध्ये लिआँपासून जवळ कोलिन्यी म्हणून गाव आहे, तिथे १८९७ साली एका ब्राँझच्या पत्र्याचे तुकडे सापडले, जोडल्यावर कळलं की गॉल लोकांची दिनदर्शिका आहे, दुसऱ्या शतकातली. महिने २९ किंवा ३० दिवसांचे, आणि प्रत्येक महिना *दोन भागांत*. पहिला भाग पंधरा दिवसांचा, मग मधे एक शब्द कोरलेला, 'आतेनू', आणि पुन्हा १ पासून मोजायला सुरुवात, पंधरा किंवा चौदापर्यंत. सतरावा, अठरावा दिवस असा प्रकारच नाही. आपलं शुद्ध तृतीया, वद्य तृतीया कसं असतं, तसं. आणि एका ठिकाणी लिहिलंय 'त्रिनॉक्स सामोनी', सामोन महिन्यातल्या तीन रात्री. बुवा, *त्रिरात्र*.

वेदशाळा_ड्रॉपआउट

त्रिनॉक्स. त्रि नक्त. गप्प झालो.

आकडेमोड

छान आहे पण जरा सावकाश. महिन्याचे दोन भाग करणं हे चंद्र बघणाऱ्या कुणालाही सुचेल, तो अर्धा वाढतो आणि अर्धा घटतो, त्याला एकच पूर्वज लागत नाही. एका चांद्र महिन्यात साडेएकोणतीस दिवस, अर्ध्याला पावणेपंधरा. कुठे चौदा पडणार कुठे पंधरा. रात्री मोजायचंही तसंच, घड्याळ आभाळातच लावलेलं आहे आणि ते रात्री दिसतं. शब्द एका घरातले आहेत, नाइट आणि नक्त, हे मान्य. सवय पण एकाच घरातली होती असं म्हणायला मी इतक्यात तयार नाही. ज्यू आणि अरब तर त्या घरातले नाहीतच ना, तरी रात्र आधी.

रद्दीतलं_सोनं

हा मुद्दा घेतला. पण फारसीत मात्र आठवडा साताचाच, हफ्त म्हणजे सात आणि त्याचा हफ्ता, आपल्या सप्ताहाचा चुलतभाऊ. मराठीने तो शब्द घेतला आणि आठवड्याऐवजी कर्जाच्या कामाला लावला. आणि गल्लीतल्या दादांच्या.

रविवारचं_वाचन

बाई बाई बाई, मी एक शब्द विचारला होता. सगळ्यांचे मनापासून आभार, आज पूर्ण वाचनाचा वेळ हा धागा मोठ्याने वाचण्यात गेला.

निकाल सांगते. काकू ऐकेचनात, म्हणाल्या वेल्स आणि फ्रान्स नको, मला कॅलेंडरवर दाखव. मग लक्षात आलं की १८ नोव्हेंबर सोमवारी पाहिजे, तर २०२४ सालीही तो सोमवारीच होता. ती दिनदर्शिका आमच्या मसाल्याच्या फळीवर अंथरलेली आहे, सगळ्या बरण्या खाली काढल्या, नोव्हेंबरच्या पानावर हळदीचा डाग. १८ वर बोट ठेवलं, सोमवार. पहिला शनिवार २३, त्या दिवशी विधानसभेचा निकाल लागला होता ते काकूंनाच आठवलं. तिथून एकेक रात्र मोजली, काकूंनी स्वतः मोजली, सात, आलो ३० ला. म्हणजे कॉलिन्स बारा रात्री राहायला आला होता, पाच नाही. आणि पुस्तकात पुढे बघितलं तर मधे मंगळवारी २६ ला नाचाचा कार्यक्रम आहे आणि तो तिथे हजर आहे, बेनेटांच्या एलिझाबेथबरोबर चुकीची पावलं टाकत नाचतोय. शनिवारी २३ लाच गेला असता तर बिचारी वाचली असती.

काकूंनी हार मानली, पण मला वाटतं तशी पूर्ण नाही मानली. जाताना दारात चप्पल घालत म्हणाल्या, बरं, मिसळ पुढच्या रविवारी माझ्याकडे.

आता आम्ही चौघी व्हॉट्सॅपवर भांडतोय की पुढचा रविवार म्हणजे हा येणारा की त्याच्या पुढचा. काकू मेसेज बघतायत, निळ्या टिका आल्यात, उत्तर देत नाहीयेत.